दुखण्याआधीची देखरेख : सेरेब्रल पाल्सी आणि मुलांचा खुबा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण साहित्य, इतिहास, अर्थकारण, समाजकारण अशा मोठमोठ्या विषयांवर व्याख्याने ऐकत आला आहात. त्या मानाने आमचा आजचा विषय फार लहान वाटेल. मुलाच्या शरीरातला एक सांधा, आणि तोही सर्व मुलांचा नव्हे, तर सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांचा, एवढाच तो विषय आहे. वैद्यकाच्या वर्गात शोभणारी गोष्ट नागरिकांच्या सभेत कशाला, असे कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, या सांध्याचे रक्षण कसे करावे याची विद्या आज जगाला ठाऊक झालेली आहे. परंतु ती एकट्या डॉक्टरांच्या हाती असून भागत नाही. तिला आईबापांचे, अंगणवाडीचे, शाळेचे आणि गावाचे हात लागतात. म्हणून हा विषय या सभेचाच आहे, असे आम्ही समजतो.

प्रथम, सेरेब्रल पाल्सी म्हणजे काय? मूल पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या लवकरच्या काळात वाढत्या मेंदूला इजा होते आणि त्यामुळे हालचाल, तोल आणि शरीराची ठेवण यांवरचा ताबा बिघडतो. कोणाचे मूल दिवसांआधी जन्मते, कोणाला जन्मताच श्वास मिळण्यास विलंब होतो, कोणाची कावीळ मेंदूपर्यंत पोचते, तर कोणाच्या बाबतीत नेमके कारण सापडतही नाही. अनेक देशांच्या नोंदींवरून पाहता हजार जन्मांमागे साधारण दोन मुलांना हा विकार होतो. म्हणजे लाखभर वस्तीच्या कोणत्याही शहरात अशी मुले आहेतच. ती आपल्याला दिसत नाहीत, याचा अर्थ ती नाहीत असा नव्हे. बहुधा ती घराच्या आतल्या खोलीत आहेत, इतकेच.

हा विकार वैद्यकशास्त्राच्या नजरेस प्रथम नीट आणून दिला तो विल्यम जॉन लिटल या इंग्रज शल्यवैद्याने. त्याने १८६१ साली लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळापुढे एक निबंध वाचला आणि अवघड बाळंतपण व मुलाच्या ताठर अवयवांचा संबंध मांडला. पुढे कित्येक वर्षे या विकाराला 'लिटलचा रोग' असेच म्हणत. लिटलचा स्वतःचा एक पाय लहानपणच्या आजाराने वाकडा झालेला होता आणि तो जर्मनीत जाऊन शस्त्रक्रियेने सुधारून घेतल्यावर त्याने हे शास्त्र मुलांच्या कामी लावले. नंतर १८९७ साली सिग्मंड फ्रॉइडने, होय, मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध असलेल्या त्याच फ्रॉइडने, मुलांच्या या पक्षाघातावर एक मोठा ग्रंथ लिहिला. एकाने पाय पाहिले, दुसऱ्याने मेंदू पाहिला. या दोहोंच्या मधोमध असलेल्या खुब्याकडे पद्धतशीरपणे लक्ष जाण्यास मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

आता हा खुबा कसा असतो ते पाहू. खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो आणि ओटीपोटाच्या हाडात त्याच्या मापाची एक खोलगट उखळ असते. गोळा उखळीत फिरतो म्हणून आपण मांडी घालतो, उकिडवे बसतो, जिना चढतो. सर्वसाधारणपणे आपली समजूत अशी असते की, ही उखळ आणि हा गोळा देवाने घडवूनच पाठवलेले असतात. खरी गोष्ट तशी नाही. जन्माच्या वेळी या सांध्याचा बराचसा भाग मऊ कुर्चेचा असतो. उखळीला खोली येते ती गोळा तिच्यात दाबून बसलेला असतो आणि फिरत राहतो म्हणून. मूल उभे राहते, चालते, धावते, आणि त्या भाराने व हालचालीने मांडीच्या हाडाचा जन्मतः असलेला पीळ उलगडत जातो, त्याच्या मानेचा कोन योग्य मापावर येतो. कुंभार आतून हात धरून मडक्याला आकार देतो, तसा चालण्याचा हात खुब्याला आकार देत असतो.

सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाचा खुबा जन्मतः बहुधा इतर मुलांसारखाच असतो. बिघाड होतो तो पुढे. एक तर मूल वेळेवर उभे राहत नाही, कित्येकदा चालतच नाही. त्यामुळे हाडाचा पीळ उलगडत नाही आणि मान सरळसोट राहते. दुसरे, मांडीच्या आतल्या बाजूचे आणि जांघेतले स्नायू ताठर असतील तर ते पाय आत आणि वर ओढत राहतात, आणि बाहेर खेचणारे स्नायू त्यांच्यापुढे दुबळे ठरतात. परिणामी गोळा हळूहळू उखळीच्या बाहेरच्या काठाकडे सरकू लागतो. काठावर दाब आला की काठ झिजतो, उखळ उथळ होते, आणि उखळ उथळ झाली की गोळा आणखी सरकतो. एका दोषाने दुसरा वाढावा आणि दुसऱ्याने पुन्हा पहिला, असे हे चक्र आहे. शेवटी गोळा उखळीतून पुरता बाहेर पडतो. यालाच आपण खुबा निखळला असे म्हणतो.

येथे या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. हे सरकणे मुकाट्याने होते. पाय मुरगळला तर मूल त्याच क्षणी रडते. दात किडला तर रात्र जागवते. खुबा मात्र महिन्यामहिन्याने, केसाकेसाने सरकतो आणि त्या काळात बहुधा दुखत नाही. आई रोज न्हाऊ घालते, वडील रोज उचलून घेतात. कोणाच्या हाताला काही लागत नाही. कित्येकदा डॉक्टरच्या हातालाही लागत नाही. मांड्या किती फाकतात, दोन्ही गुडघे वाकवून पाहिले असता सारख्या उंचीवर येतात की एक खाली राहतो, या तपासण्या अवश्य कराव्यात. पण मांड्या बऱ्यापैकी फाकणाऱ्या मुलाचाही खुबा फोटोत सरकलेला दिसतो, असा सर्वत्र अनुभव आहे. दुखू लागते ते शेवटी, गोळ्याची कुर्चा झिजल्यावर आणि त्याचा आकार बिघडल्यावर. म्हणजे वेदना हा येथे आगाऊ निरोप आणणारा जासूद नाही. घर लुटून झाल्यावर ओरडणारा तो पहारेकरी आहे. त्याच्या भरवशावर राहून चालत नाही.

मग कशाच्या भरवशावर राहावयाचे? मोजमापाच्या. डेन्मार्कमधील अस्थिशल्यतज्ज्ञ रायमर्स यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात हे मोजमाप घालून दिले. ते इतके सोपे आहे की, या सभेतील शाळकरी मुलालाही समजावे. मुलाला उताणे निजवून ओटीपोटाचा क्ष-किरण फोटो घ्यावयाचा. त्यावर दोन्ही उखळींच्या तळातल्या खुणा जोडणारी एक आडवी रेघ काढावयाची. मग उखळीच्या बाहेरच्या काठावरून त्या रेघेला काटकोनात एक उभी रेघ सोडावयाची. या उभ्या रेघेच्या बाहेर गोळ्याचा किती भाग गेला ते पाहावयाचे, आणि गोळ्याची पूर्ण रुंदी १०० धरून त्याचे शेकडा प्रमाण काढावयाचे. गोळा सगळा आत असेल तर शून्य. सगळा बाहेर असेल तर १००. शेकडा ३०च्या वर आकडा गेला की खुबा सरकू लागला असे समजून मुलाला अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठवावयाचे, असा संकेत आज जगभर रूढ आहे. शेकडा ४०च्या पुढे गेलेला खुबा सहसा आपण होऊन मागे येत नाही. तेथे शस्त्रक्रियेचा विचार गंभीरपणे करावा लागतो.

दुसरा प्रश्न असा की, सर्वच मुलांचा खुबा सारखाच सरकतो काय? याचे उत्तर देण्यासाठी आधी मुलांची वर्गवारी हवी होती. ती १९९७ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाशी संबंधित पॅलिसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. मूल काय करू शकते यावरून त्यांनी पाच पातळ्या ठरवल्या. पहिल्या पातळीवरचे मूल चालते, पळते, जिने चढते. फक्त चपळाई कमी असते. दुसऱ्या पातळीवरचे चालते, पण जिन्याला कठडा लागतो. तिसऱ्या पातळीवरचे हातात चालण्याचे साधन घेऊन चालते. चौथ्या पातळीवरचे स्वतः फारसे चालत नाही, चाकांच्या खुर्चीवर अवलंबून असते. पाचव्या पातळीवरच्या मुलाला मानही नीट सावरता येत नाही. सर्व काही दुसऱ्याने करावे लागते.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९९० ते १९९२ या काळात जन्मलेल्या ३२३ मुलांचे खुबे या वर्गवारीच्या कसोटीवर तपासले गेले आणि ते निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. एकंदरीत शेकडा ३५ मुलांचे खुबे सरकलेले आढळले. पण ही सरासरी फसवी आहे. पातळीवार आकडे पाहा : पहिल्या पातळीवर शून्य, दुसरीवर शेकडा १५, तिसरीवर ४१, चौथीवर ६९ आणि पाचवीवर ९०. जिन्याच्या पायऱ्यांसारखा हा चढ आहे. आणखी एक गोष्ट या अभ्यासात दिसली. मूल ताठर आहे, थरथरणारे आहे की ढिले आहे, याला फारसे महत्त्व नाही. ते चालते की नाही याला महत्त्व आहे. 'आमचं बाळ कडक नाही, मऊच आहे, मग त्याचा खुबा कशाला सरकेल?' असे म्हणून निर्धास्त होणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

आता आम्ही आपणास स्वीडन देशाच्या दक्षिण टोकाला घेऊन जाणार आहो. कारण या विषयातली सर्वांत आशादायक गोष्ट तेथे घडलेली आहे. स्कोने आणि ब्लेकिंगे हे ते दोन प्रांत. दोहोंची मिळून वस्ती सुमारे तेरा लाख. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी म्हणा ना. तेथे १९९४ साली लुंड येथील अस्थिशल्यतज्ज्ञ गुन्नार हेग्लुंड आणि त्यांचे सहकारी यांनी ठरवले की, आपल्या भागातील सेरेब्रल पाल्सीच्या एकाही मुलाचा खुबा निखळू द्यावयाचा नाही. त्यासाठी त्यांनी काय केले? नवे औषध शोधले नाही. नवे यंत्र आणले नाही. त्यांनी एक नोंदवही घातली.

त्या नोंदवहीत भागातील प्रत्येक मुलाचे नाव आले. भौतिकोपचारतज्ज्ञाने मूल सहा वर्षांचे होईपर्यंत वर्षातून दोनदा आणि पुढे वर्षातून एकदा त्याचे सांधे मोजावयाचे; आकडे हिरव्या, पिवळ्या, तांबड्या अशा रंगांत मांडावयाचे, म्हणजे धोका कोठे आहे ते चटकन दिसावे. खुब्यांचे क्ष-किरण फोटो ठरल्या वेळी घ्यावयाचे : पहिल्या पातळीच्या मुलांचा कारण पडल्याशिवाय नाही, दुसऱ्या पातळीच्या मुलांचा दोन व सहा वर्षांचे असताना, आणि तिसऱ्या ते पाचव्या पातळीच्या मुलांचा विकाराची शंका येताच व त्यानंतर निदान आठ वर्षांपर्यंत दरसाल. मूल आले नाही तर ते का आले नाही, याची चौकशी करावयाची. बस, एवढेच.

या साध्या शिस्तीचे फळ काय मिळाले? तुलनेसाठी त्यांनी १९९० व १९९१ साली जन्मलेली, म्हणजे कार्यक्रम सुरू होण्याआधीची १०३ मुले घेतली. २०१४ सालच्या आरंभापर्यंत त्यांपैकी ९ मुलांचे खुबे निखळलेले होते. कार्यक्रमात वाढलेल्या, १९९२ ते २००७ या काळात जन्मलेल्या मुलांची संख्या ६८९. त्यांपैकी किती निखळले? फक्त दोन, आणि ती दोन मुले प्रतिबंधक शस्त्रक्रिया सोसण्याइतकी सुदृढ नव्हती. १९९८ पासून जन्मलेल्या ४३१ मुलांत तर एकही नाही. पहिल्या मुलांचेच प्रमाण पुढे चालू राहिले असते, तर या ६८९ पैकी साठ मुलांचे खुबे निखळले असते, असे त्रैराशिक आपण मांडू शकतो. ती साठ मुले आज त्या वेदनेशिवाय जगत आहेत. निखळलेल्या प्रत्येक मुलाने तीव्र वेदनेची तक्रार केली होती, निदान अधूनमधून तरी, असेही त्याच अहवालात नमूद आहे. २००५ पासून हा कार्यक्रम स्वीडनमध्ये राष्ट्रीय नोंदणीच्या दर्जाला पोचला, आणि नॉर्वे, डेन्मार्क, स्कॉटलंड या देशांनीही त्याच धर्तीवर आपापले कार्यक्रम उभे केले.

या ठिकाणी एक गैरसमज होऊ नये. नुसते मोजल्याने खुबा जागेवर राहतो, असे आमचे म्हणणे नाही. स्वीडनमधील त्या ६८९ मुलांपैकी ९१ मुलांवर, म्हणजे शेकडा १३ जणांवर, प्रतिबंधक शस्त्रक्रिया करावी लागली. मोजण्याचा उपयोग असा की, शस्त्रक्रिया वेळेवर झाली. लहान वयात, थोडेच सरकलेले असताना मांडीच्या आतल्या स्नायूंना सैल करण्याने कधी कधी भागते. थोडा उशीर झाला तर मांडीचे हाड कापून त्याचा कोन व पीळ सुधारावा लागतो, आणि उखळही खोल करावी लागते. ही शस्त्रक्रिया मोठी आहे, पण तिने खुबा वाचतो. फारच उशीर झाला, गोळ्याचा आकारच गेला, तर मग सांधा वाचवण्याचा प्रश्न उरत नाही. वेदना कमी करण्यासाठी गोळा कापून काढण्यापर्यंत पाळी येते. एकाच मुलाच्या बाबतीत लहान शस्त्रक्रिया, मोठी शस्त्रक्रिया आणि नाइलाजाची शस्त्रक्रिया यांत अंतर असते ते पुष्कळदा दोन-चार वर्षांच्या दुर्लक्षाचे.

'इंजेक्शने देऊन किंवा पट्टे बांधून काम भागणार नाही काय?' असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. स्नायू सैल करणारे बोट्युलिनम हे इंजेक्शन आणि मांड्या फाकलेल्या ठेवणारा पट्टा, या दोहोंचा मिळून कसून प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला आणि त्याचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. सरकण्याचा वेग थोडासा मंदावला, पण सरकणे थांबले नाही. या उपायांचा इतर कारणांसाठी उपयोग असेल. भौतिकोपचार तर मुलाच्या एकंदर हिताला हवाच. परंतु इंजेक्शन चालू आहे, व्यायाम चालू आहे, म्हणून फोटोची गरज नाही, असे समजणे धोक्याचे आहे. तसेच मालिश करताना ताठर मांड्या जोर लावून फाकवण्याचा प्रकार कोठे कोठे चालतो, तोही बंद झाला पाहिजे. रेटारेटीने स्नायू सैल होत नाही. मूल मात्र भिते आणि जास्तच आखडते.

आता आपण आपल्या घराकडे वळू. या विषयात आम्हांला वारंवार ऐकू येणारे एक वाक्य आहे. आई म्हणते, 'डॉक्टर, पोर चालत तर नाहीच. मग खुबा जागेवर असला काय आणि नसला काय?' हे वाक्य निष्काळजीपणाचे नाही. थकलेल्या, पैशाने पिचलेल्या, अनेक दवाखान्यांचे उंबरठे झिजवलेल्या माणसाचे ते वाक्य आहे. म्हणून त्याचे उत्तर रागाने नव्हे, तर समजावून दिले पाहिजे.

खुबा केवळ चालण्यासाठी नसतो. मूल बसते ते खुब्यावर. एक खुबा निखळला की बैठक तिरकी होते, पाठीचा कणा कलतो, आणि खुर्चीत तास-दीड तास बसून शिकणारे, घास घेणारे, माणसांकडे पाहून हसणारे मूल पुन्हा अंथरुणाला खिळते. मूल झोपते तेही खुब्याच्या कुशीवर. तो दुखू लागला की रात्री त्याची झोप जाते आणि त्याच्याबरोबर आईचीही. मांड्या फाकत नाहीत म्हणजे लंगोट बदलता येत नाही, जांघेतली घाण नीट पुसता येत नाही, कातडी सोलवटते. मूल लहान असते तोवर हे सारे कसेबसे निभते. तेच मूल पंधरा-सोळा वर्षांचे झाले, अंगाने भरले, आई पन्नाशीकडे झुकली, म्हणजे रोजची आंघोळ ही दोघांचीही परीक्षा होते. चालणाऱ्या माणसाला खुबा गमावला तर काठी घेता येते, औषध मागता येते, निदान 'दुखते' असे सांगता येते. ज्या मुलाला बोलता येत नाही, त्याने कोणाला सांगावे? आपण त्याच्या रडण्याला हट्ट म्हणतो, स्वभाव म्हणतो, कधी दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळतो. म्हणून आम्ही असे म्हणतो की, जे मूल चालत नाही त्याच्याच खुब्याला आपली सर्वांत अधिक गरज आहे.

दुसरी शंका क्ष-किरणांची. 'इतके फोटो काढून मुलाला अपाय नाही का होणार?' लहान मुलाच्या ओटीपोटाच्या एका फोटोने मिळणारी किरणांची मात्रा, निसर्गातून आपणा सर्वांना वर्षभरात मिळणाऱ्या मात्रेच्या मानाने थोडी असते. तरीही विनाकारण एकही फोटो काढू नये, आणि म्हणूनच वेळापत्रकाने कमी धोक्याच्या मुलांना कमी फोटो व जास्त धोक्याच्या मुलांना जास्त, अशी वाटणी केलेली आहे. मात्र जो फोटो काढावयाचा तो नीट काढला पाहिजे. ओटीपोट सरळ, कंबरेची कमान उचललेली नाही, आणि दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या वर आभाळाकडे, अशी मुलाची ठेवण हवी. पाय वळलेला असताना घेतलेल्या फोटोवरचा आकडा भलताच येतो. आणि हा फोटो घरी जपून ठेवावा. एका फोटोवरून खुबा कोठे आहे ते कळते. दोन फोटोंवरून तो कोणीकडे चालला आहे ते कळते. दुसरी गोष्ट पहिलीहून अधिक मोलाची आहे.

मग वेळापत्रक कोणते धरावे? ऑस्ट्रेलियातील तज्ज्ञांनी घालून दिलेले वेळापत्रक पुष्कळ ठिकाणी आधाराला घेतले जाते. भारतातील सेरेब्रल पाल्सीच्या क्षेत्रातील तज्ज्ञांनी आणि बालअस्थिशल्यतज्ज्ञांच्या संघटनेनेही अलीकडच्या वर्षांत आपल्या देशासाठी मार्गदर्शक नियम तयार केले आहेत. सर्वसामान्य नागरिकाने त्यांचे सार एवढे लक्षात ठेवावे : मूल एक ते दोन वर्षांचे असताना पहिली तपासणी व्हावी. तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या पातळीच्या मुलांचा खुबा आरंभी दर सहा महिन्यांनी पाहावा. आकडा स्थिर राहिला तर पुढे वर्षातून एकदा. आणि हाडांची वाढ पुरी होईपर्यंत हे सोडू नये, कारण वयात येतानाच्या झपाट्याच्या वाढीत खुबा पुन्हा सरकू शकतो. चालणाऱ्या मुलांची तपासणी कमी वेळा पुरते. तरी मूल कोणत्या पातळीचे आहे हे अधूनमधून पुन्हा ठरवावे.

यावर कोणी म्हणेल, 'स्वीडनची गोष्ट वेगळी. तो श्रीमंत देश. आमच्याकडे हे कसे जमावे?' आम्ही असे विचारतो की, स्वीडनने जे केले त्यात श्रीमंतीचा भाग किती आणि शिस्तीचा किती? क्ष-किरण यंत्र आपल्या तालुक्यातालुक्याला पोचलेले आहे. पट्टी आणि पेन्सिल तर सगळीकडेच आहे. आपल्या देशात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, आणि त्याचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. या कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांनी अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा व शाळेतील मुले वर्षातून एकदा तपासावीत अशी योजना आहे, आणि तिच्या यादीत हालचालींच्या विकासातील दोषांचा समावेश आहे. वर्षातून दोनदा म्हणजे दर सहा महिन्यांनी. खुब्याच्या देखरेखीला जी लय लागते ती नेमकी हीच आहे. उणीव असेल ती एवढीच की, ज्या मुलाला याची सर्वांत जास्त गरज आहे ते मूल अंगणवाडीत येतच नाही. त्याला उचलून आणणारे कोणी नसते, किंवा त्याला आणावयाचे असते असे कोणाला वाटत नाही. येथे शासनाचा हात संपतो आणि शेजाऱ्याचा सुरू होतो.

म्हणून या सभेतून जाताना आपण प्रत्येकाने एक-एक काम बरोबर न्यावे, अशी आमची विनंती आहे. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : आमचे मूल कोणत्या पातळीचे? त्याच्या खुब्याचा आकडा किती? पुढचा फोटो केव्हा? ही तीन उत्तरे एका वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवावीत. ज्या शिक्षक-शिक्षिका किंवा अंगणवाडीच्या ताई येथे आहेत, त्यांनी आपल्या वस्तीतले असे एकही मूल पथकाच्या भेटीच्या दिवशी मागे राहणार नाही असे पाहावे. ज्यांच्यापाशी गाडी आहे त्यांनी सहा महिन्यांतून एक दिवस ती एखाद्या आईला द्यावी. कारण पंधरा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन एस.टी. चढता येत नाही, आणि पुष्कळशा तपासण्या चुकतात त्या केवळ एवढ्याच कारणाने. ज्यांच्यापाशी यांपैकी काही नाही, त्यांनी निदान शेजारच्या घरी जाऊन त्या मुलाचे नाव विचारावे. नोंदवहीचा आरंभ नावापासूनच होत असतो.

बंधुभगिनींनो, सेरेब्रल पाल्सी बरी करण्याचा उपाय आज आपल्या हाती नाही. मेंदूला झालेली इजा भरून काढता येत नाही, हे सत्य आहे. परंतु त्या इजेच्या मागून येणारी जी दुःखे आहेत, त्यांतली काही अटळ आहेत आणि काही टाळता येण्यासारखी आहेत. अटळ दुःखापुढे मनुष्य हात जोडतो. टाळता येण्यासारख्या दुःखापुढे हात जोडून उभे राहण्याचा अधिकार त्याला नाही. निखळलेला खुबा हे दुसऱ्या प्रकारचे दुःख आहे, हे तेरा लाखांच्या एका प्रदेशाने वीस वर्षांत सिद्ध करून दाखवले आहे. तारखेवर लक्ष ठेवणे, वेळेवर पाहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे, यापलीकडे त्यांनी फारसे काही केले नाही. तेवढे आपल्यालाही करता येईल, असा आम्हांला विश्वास वाटतो.